पाचवा महिना, बारा दिवसांची ट्रिप आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स: घेतला, वापरला, भांडले

आधीच सांगून टाकते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. एक तर त्यांच्याशी माझं क्लेमवरून चांगलंच वाजलंय, आणि दुसरं म्हणजे त्यांचेच तीन प्लॅन आहेत, नावं जवळपास सारखी, त्यातल्या दोनांत गरोदरपण धरतच नाहीत, म्हणजे नाव वाचून कुणी भलताच प्लॅन घेतला तर माझ्या नावाने खडे फोडणार. त्यापेक्षा काय बघून घेतला, ट्रिपमध्ये वापरायची वेळ आली तेव्हा काय झालं आणि पैसे हातात पडले का, ते लिहिते. ५ पैकी साडेतीन स्टार. का ते कळेलच.

तर तिकिटं काढली तेव्हा मला दिवस गेलेत हे मलाच माहीत नव्हतं. कळल्यावर पहिला विचार ट्रिप कॅन्सल करायचा, पण डॉक्टर म्हणाल्या जायचंच असेल तर हाच काळ बरा, १४ ते २८ आठवडे, उलट्या थांबलेल्या असतात, पोट अजून आडवं येत नाही आणि काही गडबड व्हायची शक्यताही त्यातल्या त्यात कमी. मग काय, जायचं ठरलं. इन्शुरन्सचं मात्र आम्ही दोघांनी शेवटपर्यंत मनावर घेतलं नव्हतं. नवरा म्हणाला, अगं कार्डावर फुकटचा आहे की. म्हटलं बघू तरी काय आहे ते. चाळीस पानांची पीडीएफ, त्यात 'गरोदरपण' हा शब्द फक्त एकदाच आला होता, आणि तो कशा कशाचे पैसे मिळणार नाहीत त्या यादीत, एड्स आणि आत्महत्येचा प्रयत्न यांच्या मधोमध. कार्डावरचा इन्शुरन्स तिथेच संपला.

मग विकतचे बघायला लागलो. तुलना करून देणाऱ्या साइटवर गेलात तर सगळ्यात मोठ्या अक्षरात असते ती एकूण रक्कम, एवढे लाख डॉलर कव्हर, तेवढे लाख डॉलर कव्हर. मीही पहिले दोन दिवस तेच बघत बसले. पण पोटुशी बाईसाठी तो आकडा जवळपास बिनकामाचा आहे, कारण आत कुठेतरी गरोदरपणासाठी वेगळी सब-लिमिट, म्हणजे आतली छोटी मर्यादा, असते आणि ती मोठ्या आकड्याच्या मानाने चिमूटभर. मी बघितलेल्या एका पॉलिसीत तर एकूण रकमेच्या शंभरातला एक भाग होता. हो, एक टक्का. वरचे नव्व्याण्णव टक्के पाय मोडला तर.

खरी ग्यानबाची मेख आहे आठवड्यांत. घरात कुणी विचारलं तर आपण सांगतो पाचवा लागलाय, पण विमा कंपनीला महिने कळत नाहीत, तिला आठवडे लागतात, तेही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले, म्हणजे प्रत्यक्ष गर्भ राहायच्या साधारण दोन आठवडे आधीच मीटर चालू. निघायच्या दिवशी मी २२ आठवडे ३ दिवस. ट्रिप १२ दिवसांची. पहिली पॉलिसी जी मला आवडली होती तिच्यात लिहिलं होतं की गुंतागुंत झाल्यास '२४ आठवडे पूर्ण होईपर्यंत' कव्हर. मी म्हटलं बसतंय की. मग नवऱ्याने कॅलेंडरवर बोट ठेवून एकेक दिवस मोजला, तर परतीच्या विमानाच्या दिवशी बरोब्बर २४ आठवडे पूर्ण होत होते. म्हणजे अकरा दिवस विमा आणि बाराव्या दिवशी, नेमकं विमानात बसायच्या दिवशी, आपण मोकळे. त्यांना फोन करून विचारलं की हे आठवडे निघायच्या दिवशी धरता का परतायच्या, तर पलीकडचा मुलगा म्हणाला मॅडम ते केस टू केस असतं. अरे केस टू केस काय, तारीख ती तारीख! या एका उत्तरावर ती पॉलिसी बाद केली. काही कंपन्या निघायच्या दिवसाचे आठवडे धरतात, काही परतीच्या, आणि काही ज्या दिवशी प्रॉब्लेम झाला त्या दिवसाचे. तिन्हींचा अर्थ पूर्ण वेगळा निघतो.

विमान कंपनीचा नियम आणि विम्याचा नियम एकच समजू नका, माझ्या जाऊबाईंनी तेच केलं होतं. बहुतेक विमान कंपन्या एकच बाळ आणि सगळं सुरळीत असेल तर ३६ आठवड्यांपर्यंत नेतात, जुळं असेल तर ३२, आणि २८ नंतर बऱ्याच कंपन्या डॉक्टरांची चिठ्ठी मागतात. त्यामुळे विमानवाले हो म्हणाले म्हणजे विमाही आहे असं वाटतं, पण मधले कितीतरी आठवडे असे असतात की विमान नेतं आणि विमा नाही. क्रूझवाले आणखी कडक, ट्रिपमध्ये कधीही २४वा आठवडा लागणार असेल तर बहुतेक जण चढूच देत नाहीत.

दुसरी पॉलिसी ३० आठवड्यांपर्यंत होती, स्वस्तही होती, मी जवळजवळ पैसे भरलेच होते. पण तिच्यात गुंतागुंत म्हणजे काय याची व्याख्या होती 'आईच्या जिवाला तात्काळ धोका असल्यास'. आता बघा, नॉर्मल बाळंतपण ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये सहसा धरत नाहीत आणि ते मला पटतं, विमा अचानक घडणाऱ्या गोष्टीचा असतो आणि नऊ महिने भरल्यावर बाळ होण्यात अचानक काहीच नाही. नेहमीची तपासणी, हौसेची सोनोग्राफी, पाठदुखी हेही नको धरू देत. पण ब्लीडिंग झालं, वेळेआधी कळा सुरू झाल्या, पाणी गेलं, बीपी वाढलं, तर त्या क्षणी आईच्या जिवाला धोका आहे का नाही हे कोण ठरवणार? बऱ्याचदा आई धडधाकट असते, धोका पोटातल्याला असतो. चांगल्या पॉलिसीत यादी असते सरळ: गर्भाशयाबाहेर राहिलेला गर्भ, मिसकॅरेज, प्री-एक्लॅम्पसिया (गरोदरपणात बीपी वाढून होणारा गंभीर त्रास), वार (प्लासेंटा) सुटणं, वेळेआधी बाळंतपण, तातडीचं सिझेरियन. यादी असली की भांडायला जागा राहते. व्याख्या असली की क्लेम डिपार्टमेंट तिचा हवा तसा अर्थ लावायला मोकळं.

आणि बाळ. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं आणि वाचल्यावर त्या रात्री झोप लागली नाही. विमा आहे माझ्या नावावर. बाळ आलं की ती वेगळी व्यक्ती, तिचं नाव पॉलिसीत नाही, त्यामुळे कित्येक पॉलिसींमध्ये आईच्या सिझेरियनचे पैसे मिळतात आणि पेटीत ठेवलेल्या बाळाचे नाही. कमी दिवसांचं बाळ म्हणजे एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, आठवडेच्या आठवडे. २०१३ साली एक कॅनेडियन बाई सहा महिन्यांची गरोदर असताना हवाईला सुट्टीवर गेली होती, तिथे पोचल्यावर दोन दिवसांत पाणी गेलं, बाळ नऊ आठवडे लवकर आलं, आई आणि बाळ दोघांचं मिळून बिल साडेनऊ लाख अमेरिकन डॉलरच्या आसपास, आणि विमा कंपनीने आधी झालेल्या ब्लॅडर इन्फेक्शनकडे बोट दाखवून क्लेम नाकारला. डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हटलं होतं, विमाही काढला होता. बातमी तेव्हा जगभर गाजली होती. मी ती नवऱ्याला वाचून दाखवली, त्यानंतर तो कार्डावरच्या फुकटच्या इन्शुरन्सबद्दल परत बोलला नाही.

आम्हाला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो व्हिसा लागणार होता, त्याला किमान ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर सक्तीचं असतं, आणि बऱ्याच बायका तिथेच थांबतात, व्हिसा मिळाला म्हणजे इन्शुरन्स ओके. व्हिसाच्या ऑफिसात रक्कम आणि तारखा बघतात हो. पोटात बाळ आहे आणि त्याचं काय, हे तिथे कुणी विचारत नाही.

शेवटी घेतलेली तिसरी पॉलिसी. ३२ आठवड्यांपर्यंत गुंतागुंत कव्हर, आठवडे प्रॉब्लेम झाला त्या दिवशीचे धरणार, गुंतागुंतीची यादी छापलेली, नवजात बाळाचा खर्च आईच्याच रकमेतून पण त्यालाही सब-लिमिट, परत आणायची सोय, सोबतच्या माणसाचा राहायचा खर्च. प्रीमियम साध्या पॉलिसीच्या जवळजवळ दुप्पट. डिडक्टिबलही आहे, म्हणजे प्रत्येक क्लेमला पहिली ठरावीक रक्कम आपल्या खिशातून. घेण्याआधी मी त्यांना सगळे प्रश्न ईमेलवर विचारले, फोनवर नाही. उत्तर यायला पाच दिवस लागले, दोनदा आठवण करावी लागली, पण जे आलं ते लेखी आलं. ज्यांना फोनवर पटकन हो हो ऐकून बरं वाटतं त्यांनी हे जरूर करा. तो ईमेल पुढे कसा कामी आला ते बघाच.

फॉर्मवर सगळं खरं लिहिलं. आधी एक मिसकॅरेज झालंय, थायरॉइडची गोळी चालू आहे, ब्लडग्रुप आरएच निगेटिव्ह. आईचं म्हणणं कशाला एवढं सांगायचं, पैसे वाढवतील. वाढवले नाहीत, पण थायरॉइडशी संबंधित काही झालं तर मिळणार नाही असं कलम टाकलं. चालेल. जुळं असेल किंवा आयव्हीएफने राहिलं असेल तर तेही सांगावं लागतं, माझ्या मैत्रिणीला जुळं म्हटल्यावर दोन ठिकाणी सरळ नाही म्हणाले, पण लपवून घेतली असती तर क्लेमच्या वेळी नाही म्हणाले असते, तेव्हा बोंबलून काय उपयोग.

मग विसाव्या आठवड्यातला स्कॅन झाला आणि रिपोर्टमध्ये आलं की वार खाली आहे. डॉक्टर शांत, म्हणाल्या या आठवड्यात बऱ्याच जणींची खाली असते, गर्भाशय वाढलं की बहुतेकदा वर जाते, गर्भाशयाच्या तोंडावर आलेली नाही, ब्लीडिंग नाही, जा, पण ओझं उचलायचं नाही आणि थोडं जरी लाल दिसलं तर हॉस्पिटल गाठायचं. मी घरी येऊन विचार करत बसले की आता हे कंपनीला सांगायचं का. पॉलिसी घेऊन महिना झालाय, तेव्हा हे नव्हतं. वाचलं तर बाराव्या पानावर लिहिलेलं, पॉलिसी घेतल्यापासून निघेपर्यंत तब्येतीत बदल झाला तर कळवणं बंधनकारक. कळवलं. रिपोर्ट जोडला. चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर, नोंद घेतली आहे, निघण्याआधी सात दिवसांच्या आतलं डॉक्टरांचं प्रवासाला हरकत नसल्याचं पत्र असेल तर कव्हर चालू राहील. पत्र घेतलं, तीन प्रिंट काढल्या, एक माझ्या पर्समध्ये, एक नवऱ्याच्या, एक बॅगेत.

सहाव्या दिवशी पहाटे साडेचारला हॉटेलच्या बाथरूममध्ये लाल दिसलं.

फार नव्हतं पण डाग म्हणावा इतकं कमीही नव्हतं. मी तिथेच कमोडवर बसून हेल्पलाइनचा नंबर लावला, नवरा उंबऱ्यात उभा, स्पीकरवर होल्डचं ते टिंगटिंग संगीत. अकरा मिनिटं. मी मोजली नाहीत, नंतर कॉल लॉगमध्ये बघितली. त्या अकरा मिनिटांसाठी मी अर्धा स्टार कापलाय आणि तो देणार नाही. पण नंतर जी बाई आली ती नर्स होती आणि तिने पहिला प्रश्न पॉलिसी नंबर नाही विचारला, किती पॅड भिजले, पोटात दुखतंय का, बाळ हलतंय का, मग बाकीचं. जवळ एक छोटं हॉस्पिटल होतं, आम्ही तिकडेच निघणार होतो, तिने सांगितलं तिथे नको, वीस मिनिटांवरच्या मोठ्या हॉस्पिटलला जा, तिथे कमी दिवसांच्या बाळांचं युनिट आहे. आणि केस नंबर दिला. तो नंबर मी आरशावर लिपस्टिकने लिहिला कारण पेन सापडेना. सिनेमासारखं वाटतं पण खरंच पेन सापडत नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये सोनोग्राफी, ठोके व्यवस्थित, गर्भाशयाचं तोंड बंद, ब्लीडिंग वार खाली असल्यामुळे. दोन रात्री ठेवून घेतलं. ब्लडग्रुप निगेटिव्ह म्हणून अँटी-डी इंजेक्शन दिलं (बाळाचं रक्त पॉझिटिव्ह असलं तर आईचं शरीर त्याच्याविरुद्ध जाऊ नये म्हणून), ते अशा ब्लीडिंगनंतर ७२ तासांच्या आत द्यायचं असतं, आणि रिपोर्ट मोबाइलमध्ये होता म्हणून शोधाशोध झाली नाही. एवढं एक कराच, ब्लडग्रुप आणि सगळे स्कॅन मोबाइलमध्ये वेगळ्या फोल्डरला.

कॅशलेस म्हणतात ते कॅशलेस असतं का? हो, पण पहिले पाच तास नाही. गॅरंटी लेटर, म्हणजे बिल आम्ही भरू असं पत्र, कंपनीकडून हॉस्पिटलला पोचेपर्यंत काउंटरवरच्या माणसाने आमच्या कार्डावर डिपॉझिट अडकवून ठेवलं, म्हणून कार्डाची लिमिट पुरेशी ठेवून जा. लेटर आल्यावर मात्र ते सोडलं आणि हॉस्पिटलचं मुख्य बिल आम्ही बघितलंसुद्धा नाही. हेल्पलाइनवरून दुसऱ्या दिवशी दोनदा स्वतःहून फोन आला, कशा आहात म्हणून. इथे पूर्ण मार्क.

डॉक्टरांनी सांगितलं ब्लीडिंग थांबल्यावर आठवडाभर विमानात बसायचं नाही. म्हणजे परतीचं तिकीट तीन दिवस पुढे. म्हणजे मी परतताना २४ आठवडे ३ दिवस! ती पहिली पॉलिसी घेतली असती तर हे शेवटचे चार दिवस आम्ही बिनविम्याचे बसलो असतो हॉटेलच्या खोलीत. हॉटेलातल्या त्या आठवड्यात मी हा हिशोब किमान वीस वेळा केला असेल. विमान कंपनीला परत वेगळं फिट-टू-फ्लाय पत्र लागलं, हॉस्पिटलने दिलं. विमानात पायात घट्ट मोजे, दर तासाला एक फेरी, कारण गरोदरपणात पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका तसाही जास्त असतो आणि मी आठवडाभर लोळूनच होते.

आता क्लेम. तिकीट बदलायचा फरक आम्हा दोघांचा मिळाला. हॉटेलच्या जादा रात्रींचा अर्धाच मिळाला, दिवसाची मर्यादा होती, ती मी वाचली होती त्यामुळे तक्रार नाही. टॅक्सी मिळाली, पावत्या होत्या. डिडक्टिबल कापलं. वार खाली असल्याचं आधी माहीत होतं म्हणून सगळंच नाकारायचा प्रयत्न पहिल्या पत्रात झाला होता, 'पूर्वीपासून असलेली स्थिती', तेव्हा मी तो दोन ओळींचा ईमेल आणि डॉक्टरांचं पत्र पाठवलं आणि तो मुद्दा तिथेच मिटला, साधं सॉरीही न म्हणता.

अडकलं ते अँटी-डी. हॉस्पिटलच्या औषधांच्या बिलात ते वेगळं होतं, आम्ही भरलं होतं, आणि क्लेमवाल्यांनी ते 'रुटीन अँटिनेटल केअर', म्हणजे गरोदरपणातली नेहमीची काळजी, म्हणून कापलं. मुद्दा काय तर निगेटिव्ह ग्रुपच्या बायकांना २८व्या आठवड्याच्या आसपास हे इंजेक्शन रुटीन म्हणूनही देतात. इंजेक्शन तेच, कारण वेगळं. दोन ईमेल, एक फोन, मग हॉस्पिटलला लिहून एका ओळीचं पत्र मागवलं की ब्लीडिंगमुळे दिलं, रुटीन नाही. सात आठवडे गेले त्यात. मिळाले पैसे, पण डिस्चार्जच्या वेळीच प्रत्येक औषध का दिलं ते कागदावर लिहून घेतलं असतं तर एवढं झालंच नसतं. तेव्हा मात्र मला फक्त हॉटेलवर जाऊन झोपायचं होतं.

परत घेईन का? गरोदर असताना, हाच प्लॅन, हो. एरवी नाही, दुप्पट पैसे कशाला द्या. आणि जिथे मलेरिया किंवा झिका आहे अशा देशात जायचं असेल तर हा रिव्ह्यू बाजूला ठेवा, तो प्रश्न आधी डॉक्टरांना विचारा. सरकारने किंवा डॉक्टरांनी जाऊ नका म्हटलेल्या ठिकाणी गेलात तर बहुतेक पॉलिसी हात वर करतात.

क्लेम फॉर्मबद्दल एक राहिलंच. त्यात एक रकाना होता, 'आजाराची सुरुवात झाल्याची तारीख'. रिकामा सोडला तर फॉर्म पुढे जाईना. मी बराच वेळ विचार करून शेवटच्या पाळीची तारीख टाकली. तीन दिवसांनी कंपनीकडून शंका आली, सदर आजार पॉलिसी घेण्याच्या आधीपासून होता का? नवरा म्हणाला लिही, हो, दोघांच्या संमतीने. मी ब्लीडिंगची तारीख टाकून फॉर्म परत पाठवला, तेव्हा कुठे घोडं पुढे सरकलं.